नैरोबीत नोकरी आणि पुढे धंदा: कोणता कागद कशाच्या आधी

केनियात कामासाठी जाणाऱ्या माणसाकडे कागद सहसा सगळे असतात. चुकतो तो त्यांचा क्रम. वर्क परमिट नसेल तर परदेशी नागरिकाचं कार्ड मिळत नाही, कार्ड नसेल तर कराचा पिन (आपल्या पॅनसारखा क्रमांक) अडतो, पिन नसेल तर बँक खातं उघडत नाही आणि खातं नसेल तर पहिला पगार लटकतो. मुंबईहून थेट विमानाने साधारण सहा तासांवरच्या या शहरात मराठी माणसं हिशेबनीस, प्रॉडक्शन मॅनेजर, इंजिनिअर, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी म्हणून जातात. त्यातले काही थोड्या वर्षांनी स्वतःचा व्यवसाय थाटतात. हा लेख दोघांसाठी आहे. तिथले कर आणि सरकारी फी नव्या वित्त कायद्याबरोबर, बहुधा जुलैत, बदलू शकतात. म्हणून खालचे दर पैसे भरण्याच्या दिवशी एकदा पडताळून घ्या.

१. ऑफर लेटरवर सही करण्याआधी

नैरोबी आणि मोम्बासातले बरेच कारखाने आणि घाऊक पेढ्या भारतीय वंशाच्या कुटुंबांच्या आहेत. बोलणी हिंदी-गुजरातीत, घरगुती सुरात होतात आणि त्यामुळेच अर्ध्या अटी तोंडी राहतात. त्या लिहून घ्या. परमिटची फी कोण भरणार, नूतनीकरणाची कोण भरणार, घर मिळणार की घरभाडं, वैद्यकीय विमा कुटुंबाला धरून आहे का, वर्षाला किती विमान तिकिटं, नोकरी मधेच संपली तर परतीचा खर्च कोणाचा. चाचणीचा काळ कायद्याने सहा महिन्यांपर्यंतचा असतो. तुमच्या संमतीने तो वाढवता येतो, पण एकूण बारा महिन्यांच्या पुढे नेता येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: सांगितलेला आकडा कापण्याआधीचा आहे की हातात येणारा? केनियात उत्पन्न कर महिन्याच्या पगारावर असा बसतो: पहिल्या २४,००० शिलिंगांवर १० टक्के, पुढच्या ८,३३३ वर २५ टक्के, तिथून ५ लाखांपर्यंत ३० टक्के, ८ लाखांपर्यंत ३२.५ आणि त्यापुढे ३५ टक्के. शेवटी २,४०० शिलिंगांची वैयक्तिक सूट वजा होते. शिवाय आरोग्य निधीला एकूण पगाराच्या २.७५ टक्के, गृहनिर्माण आकाराला १.५ टक्के आणि एनएसएसएफ या निवृत्ती निधीला ठरावीक मर्यादेपर्यंत ६ टक्के जातात. म्हणजे ३ लाख शिलिंगांचा पगार ठरला असेल तर हातात साधारण २ लाख ५ हजार पडतात. भारतात बसून रुपयात गुणाकार करताना हा एक तृतीयांश हमखास विसरला जातो.

चलनाचंही विचारा. २०२४ च्या जानेवारीत एका डॉलरला सुमारे १६० शिलिंग मोजावे लागत होते, त्याच वर्षाच्या मध्याला १३० च्या खाली. ज्यांचा पगार डॉलरमध्ये ठरून शिलिंगमध्ये मिळत होता त्यांच्या हातातली रक्कम काही आठवड्यांत घटली. त्याआधी शिलिंग घसरत होता तेव्हा शिलिंगात पगार घेणाऱ्यांचं नुकसान झालं होतं. घरी पैसे पाठवायचे असतील तर पगार डॉलरशी बांधलेला बरा. खर्च तिथेच असेल तर शिलिंगात बरा. काही मालक पगाराचा एक भाग भारतातल्या खात्यात रुपयांत देऊ करतात. केनियाचा रहिवासी झाल्यावर नोकरीचं उत्पन्न कुठेही मिळालं तरी तिथे करपात्र असतं. उद्या तपासणी झाली तर परमिटच्या अर्जातला पगार, कराच्या विवरणातला पगार आणि खात्यात आलेला पगार जुळत नाही, आणि उत्तर द्यायला तुम्ही एकटे उरता.

पासपोर्ट 'सुरक्षित ठेवायला' मालकाकडे देऊ नका. तो भारत सरकारच्या मालकीचा दस्त आहे. परमिटच्या शिक्क्यासाठी द्यावा लागला तर पोच घ्या आणि काम झालं की परत मागा.

२. भारतातून निघण्याआधी

पिवळ्या तापाची लस हे सगळ्यात आधीचं काम. केनिया त्या तापाच्या यादीत असल्याने तिथून भारतात परतताना प्रमाणपत्र मागतात. नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य संस्था ती देतात. केंद्रावर ठरावीक वारीच लस असते, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंच असल्याने तिथे हिवतापाचा धोका कमी आहे. समुद्राकाठच्या मोम्बासाला किंवा सरोवराकाठच्या किसुमूला जाणं होणार असेल तर प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला.

केनिया इमिग्रेशन चेक लागणाऱ्या अठरा देशांत मोडत नाही. त्यामुळे पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे 'इमिग्रेशन चेक आवश्यक', असा शिक्का असला तरी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरची मंजुरी लागत नाही. ती काढून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

बरोबर न्यायचे कागद, मूळ आणि प्रत्येकी तीन साक्षांकित प्रती:

- पासपोर्ट, निदान दोन वर्षं मुदत शिल्लक असलेला
- पदवी, गुणपत्रिका, व्यावसायिक परिषदेची नोंदणी
- आधीच्या प्रत्येक नोकरीचं अनुभवपत्र, कंपनीच्या लेटरहेडवर, पदनाम आणि तारखांसह
- पासपोर्ट सेवा केंद्रातून काढलेलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट
- विवाह आणि मुलांचे जन्म दाखले, इंग्रजीत
- भारतीय वाहन परवाना आणि आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना
- पिवळ्या तापाचं पिवळं पुस्तक
- पासपोर्ट आकाराचे वीसेक फोटो

दाखल्यांवर नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे असतं किंवा नसतं, लग्नानंतर नाव बदललेलं असतं. तिथल्या संगणकाला ती दोन वेगळी माणसं वाटतात. फरक असेल तर नोटरीचं प्रतिज्ञापत्र इथूनच करून न्या. परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन लागेल का, दिल्लीतल्या केनियन उच्चायुक्तालयाचा शिक्का लागेल का, हे मालकाला लेखी विचारा. तिथे पोचल्यावर हे काम कुरिअरने करणं फार महाग पडतं.

बँकेच्या आणि आधारच्या ओटीपीसाठी भारतीय सिम चालू ठेवा, रोमिंगसह. घर, जमीन, सोसायटीच्या कामांसाठी विश्वासातल्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करा. सगळे अधिकार देऊन टाकू नका, नेमकी कामं लिहा.

सामान भरताना एकच सावधगिरी: २८ ऑगस्ट २०१७ पासून केनियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि दंड जबर आहे. चपला, लोणच्याचे डबे, फराळ कापडी पिशव्यांत बांधा. तांदूळ, तूरडाळ, कणीक, मसाले नेऊन वजन वाढवू नका. पार्कलँड्समधल्या डायमंड प्लाझाच्या आसपास सगळं मिळतं. त्या जागी प्रेशर कुकरची रिंग आणि शिट्टी, आणि नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. तिथले सॉकेट तीन चौकोनी पायांचे असतात, आपले प्लग बसत नाहीत. जून ते ऑगस्ट अंगावर स्वेटर लागतो.

३. वर्क परमिट

२०२४ च्या जानेवारीपासून केनियाने व्हिसा बंद करून ईटीए ही ऑनलाइन पूर्वपरवानगी आणली. भारतीयांना ती लागते. ती भेटीसाठी, बैठकीसाठी, बाजार पाहण्यासाठी आहे. तिच्यावर काम करता येत नाही. 'ईटीएवर या, परमिट मागून होईल, तोवर बसा ऑफिसात' ही सूचना येते तेव्हा थांबा. तपासणीत दंड, कोठडी आणि हद्दपारी तुमच्या वाट्याला येते, आणि हद्दपारीचा शिक्का पुढच्या प्रत्येक देशाच्या अर्जात नडतो. खरोखरच घाई असेल तर कंपनीला काही महिन्यांपुरता स्पेशल पास काढता येतो.

नोकरीसाठीचा परमिट वर्ग डी. अर्ज मालक करतो, इमिग्रेशन विभागाच्या पोर्टलवर. कंपनीचं पत्र, नोंदणी, कर पूर्ततेचा दाखला, तुमचा करार, बायोडेटा, शिक्षणाचे दाखले, आणि तुमच्या हाताखाली शिकणाऱ्या केनियन नागरिकाची माहिती त्यात जोडतात. या माणसाला अंडरस्टडी म्हणतात. हे काम केनियन माणसाला का जमत नाही आणि तुम्ही ते त्याला कधीपर्यंत शिकवाल, या दोन प्रश्नांभोवती अर्ज फिरतो. 'मॅनेजर' असं मोघम पदनाम लिहिलेले अर्ज इथेच अडकतात. 'इंजेक्शन मोल्डिंग विभागाचा मेंटेनन्स इंजिनिअर, अमुक यंत्रांचा दहा वर्षांचा अनुभव' असं नेमकं लिहायला लावा. इंजिनिअर, डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांना तिथल्या व्यावसायिक मंडळाचं पत्र आधी लागतं. आणि अंडरस्टडीला खरंच शिकवा. नूतनीकरणाच्या वेळी प्रगती विचारतात हे एक कारण; शिवाय तुम्हाला त्या देशात काम मिळण्याची अटच ती आहे.

वेळ दोन-तीन महिन्यांचा धरा, त्याहून जास्तही लागतो. मंजुरीचं पत्र पाहिल्याशिवाय इथल्या नोकरीचा राजीनामा देऊ नका. फी ई-सिटिझन या सरकारी पोर्टलवरच भरली जाते. कुणाच्या खासगी मोबाईल नंबरवर जाणारी रक्कम फी नसते.

परमिट एका मालकापुरता, एका पदापुरता असतो. नोकरी बदलली की नवा अर्ज. मुदत संपण्याच्या तीन महिने आधी नूतनीकरणाला लागा. पत्नी किंवा पती आणि मुलांना डिपेंडंट पास मिळतो, पण त्यावर नोकरी करता येत नाही, घरून शिकवण्या आणि डबेसुद्धा त्यात आले. त्यासाठी स्वतंत्र परमिट लागतो.

४. पोचल्यावरचे पहिले ९० दिवस

क्रम असा ठेवा. पहिल्या दिवशी सिम: पासपोर्ट दाखवून, अधिकृत दुकानातून, तुमच्याच नावावर. त्यावरच एम-पेसा सुरू करा. सफारीकॉम या मोबाईल कंपनीने २००७ च्या मार्चमध्ये आणलेली, फोनवरून पैसे देण्या-घेण्याची ही सेवा तिथे रोकडीची जागा घेऊन बसली आहे. भाजीवाली, टॅक्सी, शाळेची फी, वीजबिल सगळं त्यावर. दुकानाला 'टिल नंबर' असतो, मोठ्या संस्थेला 'पेबिल' आणि त्यासोबत खाते क्रमांक. पेबिलवर पैसे पाठवताना खाते क्रमांक चुकला तर पैसे संस्थेकडे जातात पण तुमच्या नावावर लागत नाहीत. एका वेळी अडीच लाख शिलिंगांपर्यंत पाठवता येतात. चुकीच्या नंबरवर गेले तर आलेला संदेश लगेच ४५६ ला पुढे पाठवा. समोरच्याने काढून घेतल्यावर उपयोग नसतो. 'चुकून तुमच्याकडे पैसे आले, परत पाठवा' असा फोन आला तर आधी शिल्लक तपासा. संदेश बनावट असतो, शिल्लक खोटं बोलत नाही.

मग परमिटचा शिक्का, आणि ९० दिवसांच्या आत परदेशी नागरिकाची नोंदणी. या कार्डाला सगळे एलियन कार्ड म्हणतात. त्यानंतर केनिया रेव्हेन्यू ऑथॉरिटीचा पिन. पिन घेताना दिलेला ईमेल तुमचाच असू द्या. कंपनीच्या हिशेबनिसाचा ईमेल टाकला आणि तो नोकरी सोडून गेला की तुमच्या खात्याची चावी त्याच्याकडे राहते.

पिन आला की बँक. पासपोर्ट, परमिट, कार्ड, पिन, मालकाचं पत्र आणि पत्त्याचा पुरावा. बँक ऑफ बडोदा आणि बँक ऑफ इंडिया तिथेही आहेत. शिलिंग आणि डॉलर अशी दोन खाती उघडा. केनियात परकीय चलनावर नियंत्रण नाही, त्यामुळे डॉलर ठेवता येतात आणि बाहेर पाठवताही येतात.

नैरोबीच्या भारतीय उच्चायुक्तालयात नाव नोंदवा. मोम्बासाला सहाय्यक उच्चायुक्तालय आहे.

वेळेच्या बाबतीत एक गोष्ट पाठच करा. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात: 'सा म्बिली', म्हणजे दोन वाजता, याचा अर्थ आपले सकाळचे आठ. इंग्रजीत बोलताना गडबड होत नाही. पण सुतार किंवा ड्रायव्हरने स्वाहिलीत वेळ दिली तर सहा तासांचा फरक पडतो. घड्याळात बोट दाखवून खात्री करा. आणि कामाचं बोलण्याआधी 'हबारी', म्हणजे 'कसं काय', विचारायचं, उत्तर ऐकायचं. थेट कामाला हात घालणारा माणूस तिथे उद्धट ठरतो, साहेब असला तरी. 'दुका' म्हणजे दुकान, 'गारी' म्हणजे गाडी, 'चपाती' म्हणजे चपातीच. आपले शब्द आधीच तिथे पोचले आहेत.

५. घर

नकाशात अंतर बघून घर घेऊ नका, ट्रॅफिक बघून घ्या. भारतीय वस्ती, मंदिरं, वाणसामान पार्कलँड्स, वेस्टलँड्स, न्गारा भागांत. कारखाना इंडस्ट्रियल एरियात किंवा मोम्बासा रोडवर असेल तर साऊथ बी, साऊथ सी जवळ पडतात. पहिला महिना तात्पुरत्या खोलीत राहा आणि सकाळी सातला ऑफिसचा रस्ता स्वतः पाहा.

अनामत एक-दोन महिन्यांची असते. करार करण्याआधी विचारायचं: पाणी नळाचं की बोअरवेलचं (बोअरच्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी फ्लोराइड जास्त असतं, मुलांच्या दातांसाठी पिण्याचं पाणी वेगळं घ्या), जनरेटर सगळ्या घराला की फक्त लिफ्टला, सर्व्हिस चार्ज भाड्यात धरला आहे का, वीजमीटर प्रीपेड असेल तर मागची थकबाकी आहे का. भाडं दर वर्षी किती टक्के वाढणार ते करारात घाला. आत जाताना भिंती, नळ, ओटा यांचे तारखेसह फोटो काढून मालकाला पाठवा. सोडताना 'रंगकामाचे पैसे' म्हणून अनामत कापण्याची रीत सर्रास आहे.

मुलांच्या शाळेचं वर्ष बघा: केनियन शाळा जानेवारीत सुरू होतात, ब्रिटिश पद्धतीच्या सप्टेंबरात. आपल्या जूनशी दोन्ही जुळत नाहीत.

६. स्वतःचा धंदा सुरू करायचा असेल तर

डी परमिटवर नोकरी करत करत बाजूला धंदा चालवता येत नाही. शेअर असणं वेगळं आणि तिथे बसून काम करणं वेगळं. दुसऱ्यासाठी वर्ग जी लागतो आणि त्यासाठी किमान १ लाख अमेरिकी डॉलर भांडवलाचा पुरावा. हे पैसे उसने आणून खात्यात दाखवायचे आणि काढून घ्यायचे असा सल्ला देणारे भेटतील. नूतनीकरणाला लेखापरीक्षित हिशेब आणि कराचे आकडे मागतात, तेव्हा ते उघडं पडतं.

कंपनी नोंदणी ई-सिटिझनवर, बिझनेस रजिस्ट्रेशन सर्व्हिसकडे, २०१५ च्या कंपनी कायद्याखाली. एक संचालक, एक भागधारक पुरतो आणि तो परदेशी असला तरी चालतो. पसंतीक्रमाने काही नावं, संचालकांचे पासपोर्ट, पिन, फोटो, पत्ता, भागांची विभागणी आणि खऱ्या मालकांची माहिती द्यावी लागते. १० टक्के किंवा त्याहून जास्त भाग ज्याच्याकडे तो खरा मालक धरला जातो. भरणा भांडवल ५० लाख शिलिंग किंवा त्याहून जास्त असेल तर कंपनी सेक्रेटरी नेमणं भाग आहे.

'स्थानिक भागीदाराशिवाय कंपनी निघत नाही' हे बहुतेक व्यवसायांना लागू नाही. विमा, खाणकाम, सुरक्षा सेवा अशा काही क्षेत्रांत अटी आहेत, त्या वकिलाकडून तपासा. भागीदार हवा असेल तर त्याच्या बाजारातल्या ओळखीसाठी घ्या, आणि भागधारक करार पहिल्याच दिवशी करा. केवळ नावापुरता केनियन मालक उभा करून सगळं त्याच्या नावावर ठेवणं म्हणजे ते त्याला देऊन टाकणं आहे. कोर्टात नोंदवहीतलं नाव चालतं.

जमिनीचंही ध्यानात घ्या. २०१० च्या राज्यघटनेच्या ६५ व्या कलमानुसार परदेशी माणसाला जमीन फक्त भाडेपट्ट्याने, जास्तीत जास्त ९९ वर्षांसाठी मिळते. एक शेअर जरी परदेशी माणसाकडे असला तरी कंपनी या बाबतीत परदेशीच.

दुकानगाळा घेताना करार ५ वर्षं ३ महिन्यांचा का असतो असा प्रश्न पडेल. पाच वर्षं किंवा त्याहून कमी मुदतीच्या व्यापारी भाडेकरूला जुन्या कायद्याने संरक्षण आहे, ते टाळायला मालक तीन महिने वर घालतात. म्हणजे लांब करारात तुमचं संरक्षण करारातल्या शब्दांवरच असतं, तेव्हा तो वकिलाकडून वाचून घ्या. व्यापारी भाड्यावर १६ टक्के व्हॅट लागू शकतो, आकडा त्यासह विचारा. गजबजलेल्या बाजारात 'गुडविल' मागतात, ही आपली पगडीच. तिची पावती क्वचितच मिळते. करारात उल्लेख नसेल तर ते पैसे गेले असं समजूनच हिशेब करा. शेवटी काउंटीचा वार्षिक व्यवसाय परवाना, आणि अन्न, औषध, रसायन असेल तर त्या त्या खात्याचा.

७. कर आणि बिलं

कंपनीच्या नफ्यावर ३० टक्के. तो वर्षाअखेरीला एकदम भरायचा नसतो. हिशेबी वर्षाच्या चौथ्या, सहाव्या, नवव्या आणि बाराव्या महिन्याच्या २० तारखेला हप्ते जातात. वर्षाची करपात्र विक्री ५० लाख शिलिंगांवर गेली की व्हॅटची नोंदणी, दर १६ टक्के, विवरण पुढच्या महिन्याच्या २० पर्यंत. कर्मचाऱ्यांचा कर ९ तारखेपर्यंत.

खरी मेख ईटिम्समध्ये आहे. ही महसूल खात्याशी जोडलेली बिलप्रणाली. १ जानेवारी २०२४ पासून ज्या खर्चाचं ईटिम्स बिल नाही तो खर्च, काही अपवाद सोडता, नफ्यातून वजा होत नाही. तुम्ही लहान पुरवठादाराकडून १ लाखाचा माल साध्या कच्च्या बिलावर घेतला तर कराच्या दृष्टीने तो खर्च झालाच नाही आणि ३० हजार जादा भरावे लागतात. स्वस्त भाव ऐकून हरखण्याआधी 'ईटिम्स बिल मिळेल का' हे विचारा.

८. भारतातून माल मागवताना

न्हावा शेव्याहून मोम्बासाला कंटेनर नियमित जातात, त्यामुळे पुण्या-नाशिकचा माल तिथे विकायचा विचार अनेकांच्या मनात येतो. विचार चांगला आहे, हिशेब पूर्ण करा. पूर्व आफ्रिकी समुदायाचा सामायिक आयात कर ०, १०, २५ आणि ३५ टक्के अशा टप्प्यांत आहे. समजा, माल, जहाजभाडं आणि विमा धरून मोम्बासापर्यंतची किंमत २० लाख शिलिंग आणि कर २५ टक्के:

- आयात कर ५ लाख
- व्हॅट १६ टक्के, तो २५ लाखांवर, म्हणजे ४ लाख
- आयात घोषणापत्राची फी २.५ टक्के, ५० हजार
- रेल्वे विकास आकार २ टक्के, ४० हजार

एकूण ९ लाख ९० हजार, आणि अजून बंदराचा खर्च, एजंट, नैरोबीपर्यंतची रेल्वे किंवा ट्रक बाकी आहे. व्हॅट पुढे वळता होतो, पण तोवर तुमचे पैसे अडकतात. मालाचं वर्गीकरण ठरवणारा एचएस कोड आधीच कस्टम एजंटकडून नक्की करा. एका आकड्याच्या फरकाने कर १० चा २५ होतो.

माल जहाजावर चढण्याआधी केनिया ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या मान्यताप्राप्त तपासणी संस्थेकडून अनुरूपतेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. हे भारतातच, माल गोदामात असताना होतं. ते न घेता निघालेला माल मोम्बासाला अडतो, दंड बसतो आणि रोजचं जागाभाडं चढत राहतं. सागरी विमाही केनियातल्या विमा कंपनीचाच लागतो. पहिली खेप लहान मागवा. कंटेनर अर्धा रिकामा आला तरी चालेल, अडकला तर चालणार नाही.

९. माणसं आणि उधारी

२००७ च्या रोजगार कायद्यानुसार वर्षाला किमान २१ कामाच्या दिवसांची भरपगारी रजा आहे. रोजंदारीवरचा माणूस सलग महिनाभर कामावर आला की कायदा त्याला मासिक पगारी धरतो. गैरवर्तनासाठी काढायचं असेल तर कारण त्याला समजेल अशा भाषेत सांगून, त्याच्या पसंतीचा सहकारी किंवा युनियनचा माणूस हजर असताना त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. 'उद्यापासून येऊ नको' असं सांगून मोकळं होणारे बरेच मालक कामगार न्यायालयात हरतात, आणि हरायलाच हवेत.

मोठे ग्राहक ६० ते ९० दिवसांची उधारी मागतात आणि देतात त्याहून उशिरा. १० लाख शिलिंगांपेक्षा मोठा चेक क्लिअरिंगमध्ये जात नाही, मोठी रक्कम बँकेतून थेट मागवा. पुढच्या तारखेचा चेक हातात आला म्हणजे पैसे आले असं धरू नका. तीन महिन्यांचा पगार, भाडं आणि व्हॅट बाजूला ठेवता येत नसेल तर तेवढी उधारी देऊ नका.

१०. ठरलेले सापळे

स्वस्त सोन्याचा सौदा: आफ्रिकेतलं सोनं नैरोबीत, कागदांसह, बाजारभावापेक्षा कमी दरात. गोदाम, 'कस्टम अधिकारी', चाचणी, सगळं रचलेलं असतं. सरकारी कंत्राट मिळालं आहे, फक्त नोंदणी फी भरा, असा ईमेल. परमिट आठ दिवसांत, आतल्या माणसाकडून. या तिन्हीत आगाऊ पैसे मागतात आणि घाई करतात. 'कीटू किडोगो', म्हणजे 'थोडंसं काहीतरी', हा लाचेसाठीचा शब्द कानावर पडेल. देऊ नका, पावती मागा, वेळ लागू द्या. परदेशी माणसाने दिलेली लाच त्याच्यावरच उलटवणं सगळ्यात सोपं असतं.

११. भारताकडची बाजू

फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली नोकरीसाठी देश सोडलात की तुम्ही अनिवासी होता, त्यामुळे बचत खातं एनआरओ या अनिवासींच्या खात्यात बदलून घ्या आणि तिकडची कमाई पाठवायला एनआरई खातं उघडा. प्राप्तिकराचा हिशेब वेगळा, तो दिवसांचा: आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहणं झालं पाहिजे. १ एप्रिलपासून सलग इथेच असाल तर २८ सप्टेंबरपर्यंत निघणारा त्या वर्षी अनिवासी ठरतो, त्यानंतर निघणारा नाही, आणि मग केनियातला पगार भारतातल्या विवरणातही दाखवावा लागतो. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, त्यासाठी तिथे कापलेल्या कराचा पी-९ हा वार्षिक तक्ता जपून ठेवा. केनियाचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. म्हणून पगाराच्या महिनावार पावत्याही लागतात.

भारतात राहणारे वडील किंवा भाऊ तुमच्या केनियन कंपनीत भांडवल घालणार असतील तर ते भारतातून परदेशात गुंतवणूक करण्याच्या नियमांखाली, बँकेत फॉर्म एफसी भरून, वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत. 'भेट' किंवा 'घरखर्च' असं कारण लिहून पाठवलेल्या पैशातून शेअर घेतले तर पुढे ते पैसे कायदेशीरपणे परत आणताना अडचण येते.

१२. परत निघताना

मालकाकडून शेवटचा पी-९ आणि सेवापत्र घ्या, परमिट रद्द झाल्याची नोंद करून घ्या, एलियन कार्ड परत करा. कायमचे परतत असाल तर एनएसएसएफमधली रक्कम देशांतर लाभ म्हणून मागता येते. अर्ज तिथे असतानाच करा, कारण बोटांचे ठसे आणि मूळ कागद लागतात. घराची अनामत हातात पडल्यावरच किल्ली द्या. एम-पेसातली शिल्लक काढून घेतल्यावर सिम बंद करा. पिनवरच्या कराच्या जबाबदाऱ्या रद्द करण्याचा अर्जही राहू देऊ नका. तो राहिला तर उत्पन्न शून्य असलं तरी दर ३० जूनला विवरण अपेक्षित असतं आणि न भरलेल्या प्रत्येक वर्षाला किमान २,००० शिलिंग दंड तुमच्या नावावर चढत जातो.